किलीनमधला पांढरा दगड

१

दगड ह्यू बॉनरनं चोरला. एकट्यानं, भरदिवसा, ढकलगाडीवर घालून.

एवढं लिहिलं आणि मावशीनं मागून वाचलं. म्हणाली, "चोर पहिल्याच ओळीत सांगतात होय रे?" तर ती ओळ तुम्ही वाचलेली नाही. ह्यू बॉनर कोण हे तुम्हाला ठाऊक नाही. दगडाचं काय झालं हे कोणालाच ठाऊक नाही. आपण जूनमधल्या त्या रविवारी ग्लेनारूनमध्ये आहोत आणि पाऊस पडत नाहीये. यातलं शेवटचं कोणाला पटणार नाही, पण तेवढं खरं आहे.

माझी डिम्पना मावशी आमच्या खोऱ्यातली पोस्टवाली. डोंगरापासून समुद्रापर्यंतच्या एकशेबारा घरांत कोणाला कसली पत्रं येतात आणि कोणाला येत नाहीत, हे तिला तोंडपाठ. रविवारी चर्च सुटल्यावर ती आपल्या हिरव्या गाडीतून नोराकाकी ब्रेस्लिनला कड्यावर न्यायची. नोराकाकी चौऱ्याऐंशी वर्षांची. ईस्टरपर्यंत ती चालत जायची. मग पायांनी राजीनामा दिला. नोराकाकी पुढं बसायची आणि मी मागं पार्सलांमध्ये, पत्ता न लिहिलेल्या पार्सलासारखा.

कड्यावर किलीन आहे. बाप्तिस्मा न झालेली बाळं जिथं पुरत ते मैदान. चर्चच्या आवारात त्यांना जागा नसे. बाप सूर्य बुडाल्यावर पेटी घेऊन जाई, बरोबर फावडं धरायला शेजारचा एक जण, आणि उशाशी एक दगड ठेवून दोघं परत येत. आईनं जायचं नसे. बाळाचं नाव ठेवायचं नसे. पुढं त्याबद्दल बोलायचंही नसे, आणि हा शेवटचा नियम आमच्या खोऱ्यानं सर्वांत मन लावून पाळला.

एकूण एक्केचाळीस दगड. चाळीस करडे, आणि एक पांढऱ्या गारगोटीचा, तो नोराकाकीचा. १९६१ सालच्या फेब्रुवारीत तिचं पहिलं बाळ मेलेलंच जन्मलं, तेव्हा नवऱ्यानं, कोनलनं, तिला एवढंच सांगितलं होतं: पांढरा दगड. तेव्हापासून दर रविवारी ती "समुद्र बघायला" जाई. बासष्ट वर्षं तिनं समुद्राकडं पाठ करून समुद्र बघितला.

त्या दिवशी गाडी थांबली. मावशीनं दार उघडलं. नोराकाकी कुंपणाच्या भिंतीवरून बघत राहिली.

"डिम्पना," ती म्हणाली, "मला कमी दिसायला लागलंय का गं?"

"नाही काकी."

"मग तो कुठंय?"

चाळीस दगड होते.

२

चोरीला वेळ वाईट निवडली होती. त्याच्या आदल्याच रविवारी फादरनी चर्चमध्ये जाहीर केलं होतं की जुलैत बिशप येऊन किलीनला आशीर्वाद देणार, आणि नोरा ब्रेस्लिनला तिच्या इच्छेप्रमाणे तिच्या दगडाशेजारी पुरायची लेखी परवानगी आली आहे. डॉक्टरांनी तिला दोन आठवडे दिले होते, फार तर तीन. परवानगी मिळाली म्हणून ती घाई करत होती, असं ती स्वतःच म्हणायची.

परत येताना गाडीत ती म्हणाली, "दगडाशिवाय मी तिथं निजणार नाही. त्याचं म्हणून जगात तेवढंच आहे. मी जायच्या आत शोधून दे."

पोलीस चौकी दहा वर्षांपूर्वी बंद झाली. तिथं आता सुगंधी मेणबत्त्या मिळतात. हवालदार मंगळवारी येतो आणि मेणबत्ती घेऊन जातो. म्हणून शोध मावशीकडं आला, आणि मी तिचा मदतनीस झालो. एरवी मी बसमधून येणाऱ्या पाव्हण्यांना खोरं दाखवतो. बस चाळीस मिनिटं थांबते. चाळीस मिनिटांत दाखवण्यासारखं आमच्याकडं पंधरा मिनिटांचं आहे, उरलेल्या पंचवीस मिनिटांत मी थापा मारतो.

सोमवारी सकाळी मावशी आणि मी भिंतीबाहेर उभं राहून जागा बघितली. आत कोणी जात नाही. त्या दगडांलगतच्या गवतावर पाय पडला की माणूस वाट चुकतो, घरासमोर उभा राहून घर शोधतो. हसू नका. आमच्यात वॉर्ड नावाचा एक जण होता, तो त्या गवतावर पाय देऊन स्वतःच्याच शेतात अडीच दिवस फिरला आणि शेवटी पलीकडच्या खोऱ्यात अनोळखी माणसाच्या लग्नात जेवताना सापडला. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मी फक्त आत जात नाही.

भिंतीवरूनही स्पष्ट दिसत होतं. दगडाच्या जागी गवताचा फिकट चौकोन. त्याला लागून, दगडाच्या समुद्राकडच्या अंगाला, जिथं बाळ असायला हवं तिथं, दोन बुटांचे खोल ठसे. शेजारी काठीचं भोक. आणि फाटकापर्यंत एका चाकाची रेघ.

"नेमका तिथं उभा राहिलाय," मी म्हणालो. "म्हणजे खोऱ्यातला नाही. आपल्यातला कोणी तिथं पाय देणार नाही."

मावशी ठशांकडं बघत नव्हती. फिकट चौकोनाकडं बघत होती. मग बाकीच्या दगडांकडं.

"बाकीचे सगळे हातभर खचलेत," ती म्हणाली. "हाच तेवढा सपाट बसला होता."

"म्हणजे?"

"माहीत नाही अजून. चल, पत्रं वाटायचीत."

पहिला संशय ग्रॉन्याबाईंवर. शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि सुंदर गाव स्पर्धेच्या आमच्या समितीच्या अध्यक्षा. गेल्या वर्षी परीक्षकानं शेरा मारला होता: कड्यावर इतस्ततः दगड पडलेले आहेत. दोन गुण गेले. तेव्हापासून बाई दगड रांगेत लावा म्हणायच्या आणि तिकडं बघून उसासे टाकायच्या.

"बाई, दगड तुम्ही हलवलात का?" मावशीनं वीजबिल हातात देत विचारलं.

"मी हलवला असता तर एक्केचाळीस हलवले असते," बाई म्हणाल्या. "एकच कोण हलवतं? आता ती रिकामी जागा किती वाईट दिसते."

"एवढंच वाटतं तुम्हाला?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. पुसायची गरज नव्हती.

"डिम्पना, माझ्या आईचे त्यात दोन आहेत. कुठले ते तिला कोणी सांगितलं नाही. मला रांग हवी होती ती मोजता यावेत म्हणून. परीक्षकासाठी नव्हे."

मी समितीचा सचिव आहे. एका बैठकीत जरा बाहेर जाऊन आलो तोवर निवडून आलो होतो. इतकी वर्षं मीच इतिवृत्तात लिहीत होतो: बाईंना दगड नापसंत.

आम्ही गाडीत बसलो. मावशी म्हणाली, "आता डीटर."

डीटर म्हटलं की खोऱ्यात सगळ्यांचं एकमत होतं. कारण डीटर किनाऱ्यावर दगडांवर दगड रचतो.

३

डीटर जर्मनीहून आला त्याला एकतीस वर्षं झाली. आम्ही अजून त्याला "सध्या इथं राहतो तो" म्हणतो. तो बारा महिने मोज्यांवर सँडल घालतो. आम्ही गेलो तेव्हा तो किनाऱ्यावर सातवा दगड सहाव्यावर ठेवत होता.

"या," तो म्हणाला. "कोणाचं काय हरवलं?"

"तसं नाही रे—" मावशी म्हणाली.

"तसंच. वळू हरवला, माझ्याकडं आलात. चर्चची घंटा फुटली, माझ्याकडं आलात. घंटा मी कशी फोडणार होतो, हे अजून मला कोणी सांगितलेलं नाही."

"नोराकाकीचा दगड गेला."

सातवा दगड त्यानं खाली ठेवला.

"मी आलो त्या वर्षी तिथून एक दगड उचलला होता," तो म्हणाला. "करडा. छान होता. नोरा चालत माझ्या घरी आली. ओरडली नाही. म्हणाली, बाळा, तो ठेवून ये, मग मी तुला सांगते तो काय आहे. ठेवून आलो, तेव्हा सांगितलं. तुमच्यापैकी कोणी मला सांगितलं नव्हतं. त्यानंतर मी त्या मैदानात पाय टाकलेला नाही. वाट चुकायची मलाही भीती वाटते." तो किंचित हसला. "मी तुमच्यातलाच झालोय. तुम्हाला पत्ता नाही, एवढंच."

मावशीनं त्याच्या पायांकडं बघितलं. सँडल, मोजे. तो काठी वापरत नाही. त्याच्याकडं ढकलगाडीही नाही.

"चुकलं आमचं," ती म्हणाली.

"सवय आहे," डीटर म्हणाला, आणि सातवा दगड पुन्हा उचलला. या वेळी तो टिकला नाही.

मंगळवार गेला, बुधवार गेला. नोराकाकी आता उठत नव्हती. गाडी दिसली की खिडकीतून हात हलवायची, आणि मावशीनं मान नकारार्थी हलवली की हात खाली ठेवायची. पत्राची वाट बघणारी माणसं मावशीनं खूप बघितली आहेत, पण गुरुवारी त्या घरापुढून गेल्यावर तिनं गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

"कॉर्मॅक," ती तशीच म्हणाली, "त्या जागेवर उभं राहायला कोण घाबरणार नाही?"

"परका."

"परके दोनच. डीटर, आणि तुझी बसमधली माणसं. ती माणसं काठी आणि ढकलगाडी घेऊन येत नाहीत. दुसरं कोण?"

"ज्याचा विश्वास नाही असा."

"तुझा विश्वास नाही. तू गेलास आत?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

"कबर खणली की माती पुढं बसते, दगड खचतो," ती म्हणाली. "चाळीस खचले. एक खचला नाही. त्याच्याजवळ माती कधी खणलीच नव्हती." तिनं डोकं वर केलं. "तिथं उभं राहायला कोण घाबरणार नाही? ज्याला ठाऊक आहे की खाली कोणी नाही."

समुद्रावरून गाडीत वारा येत होता. मला कसलाच विनोद सुचला नाही, आणि हे क्वचित होतं.

"बाप एकटा जात नसे," मावशी म्हणाली. "फावडं शेजारचा धरायचा. ब्रेस्लिनांच्या शेजारी कोण राहतं?"

४

ह्यू बॉनर शहाऐंशी वर्षांचा. अंगणात कातरलेल्या मेंढ्यांच्या पाठीवर निळ्या रंगानं खूण करत होता. काठी दाराशी टेकवलेली. ढकलगाडी भिंतीला.

"पत्र आहे?" त्यानं विचारलं.

"नाही ह्यूकाका."

"मग इतके दिवस होतीस कुठं?"

मावशी मेंढ्यांच्या कुंपणावर टेकली. "कोनलबरोबर त्या संध्याकाळी फावडं घेऊन कोण गेलं होतं?"

"ते मी सांगू शकत नाही."

"बाळ कुठंय?"

"तेही नाही. मी शब्द दिलाय. एकोणऐंशी साली कोनल गवत रचता रचता गेला. मला त्या शब्दातून मोकळं करायलाही मागं राहिला नाही. सरळ माणूस, पण त्याचं हे चुकलं." त्यानं एक मेंढी सोडली, दुसरी धरली. "दुसरं काहीतरी विचार, डिम्पना. नीट विचार करून विचार."

मावशी त्याच्याकडं बघत राहिली. मेंढीसुद्धा.

"काका, दगड कुठंय?"

ह्यूनं ब्रश डब्यात ठेवला.

"शनिवारपासून वाट बघतोय," तो म्हणाला. "दगड कुठंय हे न सांगायचा शब्द मी कोणाला दिलेला नाही. म्हणून तर उचलला. म्हटलं, हे येतील, चोर पकडतील, विचारतील. ढकलगाडी भरदिवसा रस्त्यानं नेली. फादर समोरून आले, हवा छान आहे म्हणाले. दोन पाव्हण्यांनी माझा फोटो काढला. तुझ्याच बसमधल्या होत्या रे कॉर्मॅक. या आजोबांच्या गाडीवर पोत्याखाली काय आहे, असं त्यांनी तुला विचारलं. काय सांगितलंस?"

मला आठवलं. मी नीट बघितलंही नव्हतं.

"म्हटलं, इथले म्हातारे शनिवारी दगड फिरवायला नेतात."

"हो," ह्यू म्हणाला. "एवढा मंद तपास मी आयुष्यात बघितला नाही."

त्यानं टोपी घातली, काठी घेतली आणि पुढं चालू लागला. आम्ही दोघं मागं. चर्चच्या फाटकाशी त्यानं टोपी काढली. आवारातून पश्चिमेच्या भिंतीपर्यंत गेला आणि एका कबरीपाशी थांबला. पायथ्याशी वेलींत पांढरी गारगोटी होती, बोटभर मातीत दाबलेली.

कबर ब्रेस्लिनांची. वर कोनलचं नाव. त्याच्याही वर त्याच्या आईचं: रोझ ब्रेस्लिन, मृत्यू २८ जानेवारी १९६१.

मावशीनं ती तारीख दोनदा वाचली.

"बाळ नऊ फेब्रुवारीला आलं," ती हळूहळू म्हणाली. "आजीला जाऊन बारा दिवस झाले होते. माती अजून मऊ होती. कोणी पुन्हा खणली तरी कळलं नसतं. तुम्ही दोघं पेटी घेऊन कड्याकडं निघालात, लोकांनी तसं बघितलं, आणि अंधार पडल्यावर फिरून इथं आलात. त्याला आजीच्या पायाशी ठेवलंत. फादरना कळलं असतं तर त्यांनी बाहेर काढायला लावलं असतं. म्हणून कड्यावर एक दगड ठेवलात, नुसताच."

ह्यू समुद्राकडं बघत होता. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

"मी काही बोललो नाही," तो शेवटी म्हणाला.

"नाही काका. तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत."

"त्या रविवारी फादरनी वाचून दाखवलं, की ती तिकडं निजणार म्हणून. त्या एकट्या कड्यावर. कोणाच्याही शेजारी नाही." त्यानं तळहातानं नाक पुसलं. "दगड उचलताना पाठ धरली. आता सांगेल कोण तिला? मला जमणार नाही."

५

मावशीनं सांगितलं. दुपारची वेळ होती. नोराकाकी खिडकीशी उशांना टेकून बसली होती. मी दारात उभा होतो, कारण निघून जाणं बरं दिसलं नसतं आणि आत जाणं जमत नव्हतं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "चर्चच्या दारापासून ती कबर किती पावलं गं?"

"अकरा असतील."

"अकरा. दर रविवारी मी त्याच्याजवळून निघून जायचे. त्याला भेटायची घाई असायची मला."

तिनं खिडकीतून चर्चच्या दिशेनं बघितलं.

"मला का नाही सांगितलं त्यानं?"

"कबुलीच्या वेळी तुम्ही फादरना सांगून टाकलं असतंत, असं वाटलं असेल कोनलकाकांना."

"सांगितलंच असतं." ती जराशी हसली, आणि ते बघवलं नाही. "माझ्या पोटात काही राहत नाही हे त्याला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. म्हणजे आजी त्याच्याजवळ आहे. कोनलही आहे, चव्वेचाळीस वर्षं. सगळे एकत्र होते. मीच तेवढी कड्यावर." तिनं पांघरुणाची किनार सरळ केली. "मला कोनलशी बोलायचंय. बराच वेळ बोलायचंय. तिथंच ठेवा मला, फादरना सांगा. दगडही राहू दे आहे तिथं."

"हो काकी."

"आणि ह्यूला म्हणावं, मी रागावले नाही. थोडी रागावलेय, पण ते सांगू नको."

मला वाटलं, झालं. मावशी उठलीही. तेवढ्यात नोराकाकीनं तिची बाही धरली.

"मग त्या प्रार्थना कुठं गेल्या, डिम्पना? इतक्या वर्षांच्या. मी तिकडं म्हणत होते आणि तो इकडं होता. त्याला वाटलं असेल, आई येते आणि बाजूनं निघून जाते."

मावशीला एकशेबारा घरं पाठ आहेत. याचं उत्तर तिच्याकडं नव्हतं. माझा तर स्वभावच असा की शांतता झाली की तोंडातून काहीतरी निघतं. मी म्हणालो, "पोस्टात पत्ता बदलायचा अर्ज असतो, काकी. चुकीच्या घरी गेलेलं टपाल वळवून देतात."

म्हणालो आणि जीभ चावली. मावशीची नजर मी वर्षभर तरी विसरणार नाही.

नोराकाकी हसली नाही. माझ्याकडं नीट बघितलं, कोणी मोठा माणूस काही महत्त्वाचं बोलल्यावर बघावं तसं.

"भर मग," ती म्हणाली.

मावशीनं गाडीतून अर्ज आणला. मी पलंगाशी बसून भरला. प्रत्येक रकाना वाचून दाखवला, तिनं प्रत्येकाचं उत्तर दिलं. नावाच्या रकान्याशी ती थांबली. नाव ठेवायची परवानगी नव्हती, पण ठेवलेलं होतं. ते तिनं त्या दुपारी पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं. मग म्हणाली, पुन्हा वाच. मी वाचलं. पुन्हा म्हणाली. मी तीनदा वाचलं.

सातव्या दिवशी ती गेली. तिला पश्चिमेच्या भिंतीशी पुरलं. अर्ज मावशीनं नेहमीच्या थैलीत घालून जिल्ह्याच्या मुख्य पोस्टात पाठवला, शिक्का मारून. तो असा होता:

टपालाचा पत्ता बदलण्याबाबत अर्ज.

अर्जदार: नोरा ब्रेस्लिन, ग्लेनारून.

ज्यांचं टपाल वळवायचं त्यांचं नाव: फेलिम ब्रेस्लिन.

वय: (अर्जदाराच्या सांगण्यावरून रिकामं सोडलं आहे.)

चुकीचा पत्ता: किलीन, कड्यावर, पांढरा दगड.

बरोबर पत्ता: चर्चचं आवार, पश्चिमेची भिंत, आजीच्या पायाशी.

टपालाचा प्रकार: प्रार्थना. अंदाजे तीन हजार दोनशे. काही पावसात म्हटलेल्या असल्यानं अस्पष्ट असण्याची शक्यता आहे.

मुदत: फेब्रुवारी १९६१ पासून आजपर्यंत. ही सोय अर्जाच्या तारखेपासून पुढंच मिळते, मागच्या टपालाला लागू होत नाही, याची अर्जदाराला कल्पना देण्यात आली आहे. तरीही वरील सर्व टपाल मागील तारखेपासून, आलेल्या क्रमानं, एकही न गाळता, बरोबर पत्त्यावर पोचतं करण्यात यावं आणि प्रत्येकाची प्राप्तकर्त्याच्या सहीची पोच अर्जदाराकडं पाठवण्यात यावी, ही नम्र विनंती.